तरक्की, विकास आणि माणूस

आपण मराठीत ‘विकास’ म्हणतो. घरात उर्दू किंवा दखनी बोलणारी मंडळी ‘तरक्की’ म्हणतात. आज दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांचे मूळ वेगळे आहे. तरक्की हा अरबी शब्द. त्याच्या मुळाशी वर चढण्याची क्रिया आहे. विकास हा संस्कृत शब्द. त्याच्या मुळाशी उमलणे आहे, कळीचे फूल होणे आहे. चढणाऱ्याला पायऱ्या मोजाव्या लागतात आणि कोण वर, कोण खाली हे ठरवावे लागते. उमलणे मात्र ज्याचे त्याचे असते. शेजारचे झाड मोहरले म्हणून आपले झाड मोहरले असे होत नाही.

गेल्या दीडशे वर्षांत अर्थशास्त्राने देशांकडे कोणत्या नजरेने पाहिले याचा इतिहास या दोन अर्थांमधील ओढाताणीचा इतिहास आहे. आधी देशाची पायरी मोजली गेली. मग कोणीतरी विचारले, या देशातला माणूस उमलला का? त्यापुढे आणखी एक प्रश्न आला आणि तो आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. कोणता माणूस? कोणाच्या घरातला, कोणत्या मोहल्ल्यातला, पुरुष की बाई? हे प्रश्न आपोआप आले नाहीत. ज्यांची गणती झाली नव्हती त्यांच्या बाजूने कोणी ना कोणी उभे राहिले, तेव्हाच ते आले.

जुनी शहाणीव

संपत्ती म्हणजे राजाचा खजिना, ही समजूत फार जुनी आहे. तिला छेद देणारा मोठा विचारवंत चौदाव्या शतकात होऊन गेला. इब्न खल्दून १३३२ मध्ये ट्यूनिसला जन्मला आणि १४०६ मध्ये कैरोला वारला. ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात तो ‘उमरान’ हा शब्द वापरतो. वस्ती, आबादी, नागर जीवन हे सारे त्या एका शब्दात येते. एकटा माणूस आपली भाकरीसुद्धा पिकवू शकत नाही, असे तो दाखवून देतो. गहू पेरणारा, दळणारा, मळणारा, भाजणारा, आणि त्या प्रत्येकाला अवजारे पुरवणारा लोहार, सुतार, कुंभार असे अनेक हात लागतात. संपत्ती या एकत्र श्रमातून येते. राज्यकर्त्याने लोकांवर जुलूम केला, त्यांची मालमत्ता हिरावली, त्यांना वेठबिगारीला लावले, तर माणसे कष्ट करण्याची उमेद सोडतात आणि आबादी उजाड होते. अन्याय हा केवळ नीतीचा प्रश्न नाही, तो अर्थकारणाचाही आहे, हे सहाशे वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे मांडले गेले होते.

१७७६ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅडम स्मिथने सोन्याच्या साठ्याऐवजी देशाचे वर्षभराचे श्रम आणि उत्पादन यांना संपत्ती मानले. त्याचा ग्रंथ बाजाराचे गुणगान म्हणून ओळखला जातो. परंतु त्यातच एक साधे उदाहरण आहे. त्याच्या काळातल्या इंग्लंडमध्ये रोजंदारीवरच्या मजुरालासुद्धा तागाच्या कापडाचा सदरा नसेल तर चारचौघांत जायची लाज वाटे. जिवंत राहायला सदरा लागत नाही, मान राखायला लागतो. पुढे दोनशे वर्षांनी अमर्त्य सेन यांनी हेच उदाहरण पुन्हा उचलले.

दादाभाईंचा हिशेब, जोतीरावांचा सवाल

हिंदुस्थानात हा प्रश्न आकड्यांत मांडण्याचा मान दादाभाई नौरोजी यांचा. १८७६ मध्ये त्यांनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला. सरकारी कागदपत्रांतूनच पिकांचे आणि इतर उत्पादनाचे आकडे काढून त्यांनी १८६७-६८ सालासाठी हिशेब केला. ब्रिटिश हिंदुस्थानात माणशी वार्षिक उत्पन्न साधारण २० रुपये निघाले.

दादाभाईंची खरी प्रतिभा पुढच्या पायरीत आहे. वीस रुपये म्हणजे थोडे की पुष्कळ? हे ठरवायला त्यांनी इंग्लंडच्या श्रीमंतीची तुलना पुरेशी मानली नाही. त्यांनी तुरुंगांचे हिशेब काढले. कैद्याच्या अन्न-वस्त्रावर सरकार किती खर्च करते ते पाहिले. बहुतेक प्रांतांत तो खर्च मोकळ्या माणसाच्या सरासरी उत्पन्नाहून अधिक निघाला. गुन्हेगाराला जेवढे पुरवले जाते तेवढेही निर्दोष शेतकऱ्याच्या वाट्याला येत नाही, हे सरकारच्याच वहीतून सिद्ध झाले. गरिबी मोजण्यासाठी माणसाच्या किमान गरजेचा आधार घ्यायचा, ही पद्धत आपल्याकडे इथून सुरू झाली.

दादाभाईंचा सवाल इंग्रजांना होता. त्याच सुमारास पुण्यात महात्मा फुले यांनी सवालाची दिशा आतल्या बाजूला वळवली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवले की सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, मात्र त्यातून होणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. देश गरीब आहे हे खरे, पण देशातले सगळे सारखे गरीब नाहीत. हा मुद्दा आकडेशास्त्राच्या भाषेत यायला पुढे कित्येक दशके लागली. जोतीरावांनी तो तेव्हाच मांडला होता.

एका आकड्याचे राज्य

विसाव्या शतकात मात्र एका आकड्याने सगळ्यांवर मात केली. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली. कारखाने बंद पडत होते, बेकारांच्या रांगा वाढत होत्या आणि सरकारला नेमके किती नुकसान झाले हेच ठाऊक नव्हते. सायमन कुझ्नेट्स या अर्थतज्ज्ञाने १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला. १९२९ ते १९३२ या काळात ते जवळपास निम्म्यावर आले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि विमाने किती बनवता येतील हे ठरवायलाही असाच हिशेब लागला. युद्ध संपले आणि राष्ट्रीय उत्पन्न हा प्रत्येक देशाच्या प्रगतीपुस्तकावरचा पहिला गुण ठरला.

कुझ्नेट्स यांनी त्याच अहवालात बजावले होते की या आकड्यावरून लोकांचे कल्याण ताडता येत नाही. उत्पन्न कोणाच्या हाती गेले आणि ते मिळवायला किती झिजावे लागले, हे त्यात दिसत नाही. शिवाय घरातल्या बाईचे काम त्यांनी हिशेबाबाहेर ठेवले होते, कारण त्याला बाजारभाव नव्हता. इशारा विसरला गेला, आकडा राहिला. बाईचे काम बाहेरचे ते बाहेरच राहिले.

२० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी आपल्या भाषणात जगातल्या अविकसित प्रदेशांना मदत देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. आशिया-आफ्रिकेतील नवी राष्ट्रे तेव्हापासून ‘मागासलेली’ म्हणून एका शिडीवर उभी केली गेली. १९६० मध्ये वॉल्ट रोस्टो यांनी तर शिडीच्या पाच पायऱ्याच आखून दिल्या. भांडवल जमवा, कारखाने उभारा, उत्पन्न वाढवा, श्रीमंती हळूहळू खाली झिरपेल, असा त्या काळाचा विश्वास होता. हा निखळ तरक्कीचा काळ होता, चढण्याचा काळ.

बावीस घराणी

या विश्वासाला मोठा तडा शेजारच्या पाकिस्तानात गेला. तो ज्यांनी दाखवला ते स्वतः त्याच विश्वासाचे शिल्पकार होते.

महबूब-उल-हक यांचा जन्म १९३४ चा, जम्मू भागातला. फाळणीच्या वेळी ते तेरा वर्षांचे होते. लाहोर, केंब्रिज आणि येल येथे शिकून ते पाकिस्तानच्या नियोजन आयोगात आले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडले होते की गरीब देशाने आधी उत्पन्न वाढवावे, विषमता काही काळ सोसावी, वाटपाचे नंतर पाहता येईल. अयूब खान यांच्या राजवटीत पाकिस्तानचा वाढीचा दर खरोखरच चांगला होता. परदेशी तज्ज्ञ त्याचे उदाहरण इतरांना देत.

१९६८ मध्ये सरकारने ‘विकासाचे दशक’ साजरे करायला घेतले. त्याच वर्षी महबूब-उल-हक यांनी कराचीत एक भाषण केले. देशाच्या उद्योगांतला सुमारे दोन-तृतीयांश आणि बँकांच्या व्यवहारातला सुमारे चार-पंचमांश हिस्सा फक्त २२ घराण्यांच्या हाती आहे, असे आयोगाच्या या मुख्य अर्थतज्ज्ञाने जाहीरपणे सांगितले. ‘बावीस घराणी’ हा शब्द रस्त्यावरच्या घोषणांत गेला. जयंतीच्या कमानी उभ्या असतानाच विद्यार्थी आणि कामगार बाहेर पडले आणि मार्च १९६९ मध्ये अयूब खान यांना पायउतार व्हावे लागले.

पूर्व पाकिस्तानची कहाणी आणखी कडू होती. ताग पिकवून परकीय चलन मिळवणारा हा भाग उत्पन्नात पश्चिमेच्या मागे पडत गेला. त्याच दशकात दोन भागांतली दरी वाढली. देशाची सरासरी वर जात होती आणि अर्धा देश आपण फसवले गेलो असे म्हणत होता. १९७१ मध्ये बांगलादेश जन्माला आला. भाषा, लोकशाही, लष्करी अत्याचार ही कारणे होतीच. परंतु सरासरीच्या आड लपलेला अन्याय हेही त्यांतले एक कारण होते.

भाकरीची रेषा आणि कामाचा हक्क

याच वर्षांत पुण्यात दादाभाईंचे सूत्र पुढे नेले जात होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न परवडते का, हा त्यांचा निकष होता. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये एवढा खर्च त्यासाठी लागे. खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसे या रेषेखाली होती. दोन पंचवार्षिक योजना पूर्ण होत असतानाचे हे चित्र होते.

लगेच १९७२ चा दुष्काळ पडला. ज्यांनी तो पाहिला त्यांना खडी फोडणाऱ्या बायका आणि सुकडीचे वाटप अजून आठवते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. पिके गेली, जनावरे गेली, हाल अतोनात झाले. पण १९४३ च्या बंगालसारखी माणसे लाखांनी मेली नाहीत, कारण हाताला काम आणि कामाला मजुरी होती. या अनुभवातून वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणे ही याचना राहिली नाही, तो हक्क झाला. २००५ मध्ये देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव पुढे होता. विकास म्हणजे सरकारने दिलेले दान की नागरिकाने मागितलेला हक्क, या वादात महाराष्ट्राच्या दुष्काळी मजुराने मोठी भर घातली आहे. त्याची दखल आपण कमी घेतो.

दोन मित्र

आता पुन्हा महबूब-उल-हक यांच्याकडे वळू. १९५३ मध्ये केंब्रिजला शिकायला गेले तेव्हा तिथे त्यांना त्यांच्याच वयाचा एक बंगाली विद्यार्थी भेटला. त्याचे नाव अमर्त्य सेन. एक पाकिस्तानी, एक भारतीय; दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

सेन यांचे बालपण ढाक्यात आणि शांतिनिकेतनात गेले. बंगालच्या दुष्काळात भुकेलेल्या माणसांचे लोंढे त्यांनी पाहिले होते. आणखी एक प्रसंग त्यांनी अनेकदा लिहिला आहे. १९४४ मध्ये ढाक्यात दंगे चालू असताना त्यांच्या घराच्या फाटकातून एक माणूस रक्तबंबाळ होऊन आत आला. कादर मिया नावाचा तो मुसलमान मजूर होता. हिंदू वस्तीत कामासाठी आला होता, तिथे त्याला भोसकले. दंगलीत बाहेर पडू नकोस असे बायकोने बजावले होते. पण घरात खायला काही नव्हते, म्हणून यावे लागले, असे तो सांगत राहिला. इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. गरिबी ही केवळ खिशाची नसते, ती माणसाची निवड हिरावून घेते. पैसेवाला दंगलीत दार लावून बसू शकतो, कादर मियाला ते स्वातंत्र्य नव्हते. सेन यांच्या पुढच्या सगळ्या विचाराचे बीज इथे आहे. माणूस काय करू शकतो, काय होऊ शकतो, हे त्यांच्या लेखी विकासाचे माप ठरले. ‘विकास म्हणजे स्वातंत्र्य’ हा विचार त्यांनी १९९९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला.

महबूब-उल-हक १९७० पासून बारा वर्षे जागतिक बँकेत होते. रॉबर्ट मॅक्नामारा यांच्या काळात बँकेला गरिबीचा प्रश्न हाती घ्यायला लावणाऱ्यांत ते होते. नंतर पाकिस्तानात परतून त्यांनी नियोजन आणि अर्थ ही खाती सांभाळली, तीही झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीत. अयूब आणि झिया या दोन्ही हुकूमशाहींत त्यांनी सत्तेची चाकरी केली, हा त्यांच्यावरचा आक्षेप रास्त आहे. तो लपवण्याचे कारण नाही.

१९८९ मध्ये ते संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमात गेले आणि १९९० मध्ये पहिला मानव विकास अहवाल निघाला. देशाची खरी दौलत त्याची माणसे आहेत, हा त्याचा पाया होता. अहवालात १३० देशांचा मानव विकास निर्देशांक दिला होता. त्यात तीनच गोष्टी होत्या. माणूस किती वर्षे जगण्याची अपेक्षा आहे, त्याला लिहिता-वाचता येते का, आणि बरे जगण्यापुरते उत्पन्न आहे का.

सेन यांना सुरुवातीला हे पटले नव्हते. माणसाचे आयुष्य एका आकड्यात कोंबणे त्यांना ओबडधोबड वाटत होते. हक यांचा युक्तिवाद व्यवहारी होता. राष्ट्रीय उत्पन्न हा आकडाही तितकाच ओबडधोबड आहे. त्याला हटवायचे तर तितकाच सोपा, पण माणसाला न विसरणारा दुसरा आकडा हवा. सेन यांनी अखेर निर्देशांक बनवायला मदत केली. हक यांचा अंदाज खरा ठरला. जाड अहवाल कोणी वाचत नाही, पण आपला देश कितव्या क्रमांकावर हे दुसऱ्या दिवशी सगळी वृत्तपत्रे छापतात.

१९९१ च्या अहवालात देशांतील स्वातंत्र्याचा निर्देशांकही देऊन पाहिला गेला. अनेक सरकारांनी आक्षेप घेतले आणि तो मागे पडला. आयुर्मान मोजू द्यायला सत्ताधारी तयार होते, स्वातंत्र्य मोजू द्यायला नव्हते. १९९४ च्या अहवालाने मानवी सुरक्षेची कल्पना मांडली. शस्त्रांवरचा पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळवा, असे हक आता उघडपणे सांगत होते. जुलै १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी सेन यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

उत्पन्न वाढल्याशिवाय माणसाचे आयुष्य सुधारत नाही, या समजुतीला उत्तर बांगलादेशाने दिले.

१९७१ च्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या आत आले. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका बांगलादेशात घरोघर गेल्या. सव्वा कोटींच्या आसपास घरांतील आयांना त्यांनी चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कालवायला शिकवले. नुसते सांगितले नाही, समोर करून घेतले. जुलाबाने मरणारी मुले वाचू लागली. पुढे मुलींच्या शाळा, कुटुंब नियोजन, कापड कारखान्यांत बायकांना काम असे एकेक पाऊल पडत गेले.

जाँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की माणशी उत्पन्न भारताच्या निम्म्याच्या आसपास असूनही आयुर्मान, बालमृत्यू, लसीकरण अशा अनेक बाबतींत बांगलादेश पुढे गेला होता. २०२५ च्या मानव विकास अहवालात भारत आणि बांगलादेश दोघेही १९३ देशांत १३० व्या क्रमांकावर आहेत. पाकिस्तान १६८ वा आहे. ज्यांनी ही फूटपट्टी जगाला दिली त्यांच्याच देशाची ही अवस्था आहे. याचा धडा सरळ आहे. मुसलमान समाज आहे म्हणून मुली शिकणार नाहीत, दाया-परिचारिका घरोघर जाऊ शकणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना बांगलादेशाने खोटे पाडले. आणि मुसलमान देश आहे म्हणून सगळे आपोआप बरे होईल, असे मानणाऱ्यांना पाकिस्तानने.

सरासरीच्या आड

मानव विकास निर्देशांकही अखेर सरासरीच. म्हणून त्याचेही पदर उलगडावे लागले. १९९५ च्या अहवालात स्त्री-पुरुष भेदाचा निर्देशांक आला, २०१० मध्ये विषमता वजा करून काढलेला निर्देशांक आला. महाराष्ट्र सरकारने २००२ मध्ये राज्याचा मानव विकास अहवाल काढला, तेव्हा मुंबई सर्वांत वर आणि गडचिरोली सर्वांत खाली होती. दोन्ही जिल्हे एकाच ‘प्रगत’ राज्यातले.

मुसलमानांच्या बाबतीत हा पडदा दूर करण्याचे काम न्या. राजिंदर सच्चर यांच्या समितीने केले. मार्च २००५ मध्ये ती नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिने अहवाल दिला. लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के, पण भारतीय प्रशासकीय सेवेत ३ टक्के आणि पोलीस सेवेत ४ टक्के. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के, मुसलमानांची ५९.१ टक्के. ‘लांगूलचालन’ या शब्दाला एवढे ठोस उत्तर त्याआधी कोणी दिले नव्हते. आपलीच मुले मदरशांत जातात हा समजही खोटा ठरला. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मुले मदरशांत होती.

आकडे नीट वाचले तर ते सगळे एकाच दिशेने जात नाहीत. २००१ मध्ये सहा वर्षांखालील मुलांत हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या, मुसलमानांत ९५०. मुलगी जन्माला येऊ देण्यात आपण मागे नव्हतो. महाराष्ट्रात तर मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याच्या ७६.९ टक्के सरासरीपेक्षा किंचित जास्त. पण साक्षरता ही पहिली पायरी. कॉलेज, नोकरी, बँकेचे कर्ज या पुढच्या पायऱ्यांवर पाऊल अडखळते, हे राज्याने २००८ मध्ये नेमलेल्या डॉ. महमूदुर रहमान समितीच्याही समोर आले.

सच्चर अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली. मुसलमानांपैकी सुमारे ४१ टक्के लोक स्वतःला इतर मागासवर्गीय सांगतात. म्हणजे ‘मुसलमान’ हीसुद्धा एक सरासरीच आहे. तिच्या आत मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी, छप्परबंद आहेत. महाराष्ट्रातील मुस्लिम ओबीसी चळवळ हेच सांगत आली. जोतीरावांनी हंटर आयोगापुढे जो सवाल केला, तोच सवाल तिने आपल्या समाजाच्या आत केला.

आपली फूटपट्टी

सरकारकडे बोट दाखवताना आपण आपली फूटपट्टीही तपासायला हवी. कोकणात १९७० नंतर आखाताचा पैसा आला. कौलारू घरांच्या जागी सिमेंटचे बंगले उभे राहिले. गावाची तरक्की झाली असे आपण म्हणतो आणि त्यात खोटे काही नाही. परदेशात राबून कमावलेल्या त्या पैशाने पुष्कळ घरे सावरली. परंतु त्या बंगल्यातली मुलगी बारावीनंतर पुढे शिकली का, हा प्रश्न लग्नाच्या हॉलच्या झगमगाटात विचारायचा राहून जातो.

मालेगाव-भिवंडीत यंत्रमागासाठी कांड्या भरणारी बाई, सोलापुरात विड्या वळणारी बाई, घरी बसून जरी-टिकल्या लावणारी बाई दिवसभर काम करते. विचारले तर ती स्वतःच ‘मी घरीच असते’ असे सांगते. २००१ च्या जनगणनेत देशातल्या २५.६ टक्के स्त्रिया काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या, मुसलमान स्त्रिया १४.१ टक्केच. या फरकात शिक्षणाचा, पडद्याचा, वस्तीचा भाग आहे. पण न मोजल्या गेलेल्या श्रमाचाही भाग आहे. कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये जी बाई हिशेबाबाहेर ठेवली, ती आपल्या मोहल्ल्यात अजून बाहेरच आहे.

२०११ नंतरची जनगणना लांबत गेली. २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंदही घेण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. घरी येणाऱ्या प्रगणकाला काय सांगायचे, हा आपल्या दृष्टीने किरकोळ प्रश्न नाही. बिरादरी सांगायला संकोच वाटू नये आणि घरातल्या बाईच्या कामाला ‘काही नाही’ म्हणू नये. गणती झाली म्हणजे न्याय मिळतो असे नाही. सच्चर अहवालाच्या किती शिफारशी कागदावर राहिल्या हे आपण पाहतोच. पण गणतीच झाली नाही तर मागणीला पायच राहत नाही. दादाभाईंना तुरुंगाची वही मिळाली म्हणून त्यांचा युक्तिवाद उभा राहिला.

इब्न खल्दूनचे ‘उमरान’, दादाभाईंचे वीस रुपये, जोतीरावांचा सवाल, बावीस घराणी, कादर मियाची नाइलाजाने ओढवलेली मजुरी हे सारे एकाच वाटेवरचे टप्पे आहेत. देश किती वर चढला हे सांगायला सरकारे आहेत, वृत्तपत्रे आहेत. आपल्या मोहल्ल्यातली किती माणसे उमलली, कोणती कळी कशामुळे मिटूनच राहिली, याचा हिशेब मात्र आपल्यालाच ठेवावा लागेल. प्रत्येक गावात, प्रत्येक जमातीच्या दप्तरात मशिदीच्या बांधकामाची नोंदवही असते. तिच्या शेजारी गावातल्या मुला-मुलींनी शाळा कधी आणि का सोडली याचीही एक वही असावी. विकासाचा पुढचा धडा कदाचित त्या वहीतून लिहिला जाईल.